भट्टीतला दम, मैदानातला दम

नळीच्या दुसऱ्या टोकाला वितळलेली काच असते तेव्हा श्वास फक्त बाहेर सोडायचा, आत ओढायचा नाही. काचेच्या कारखान्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी आम्ही एवढंच सांगायचो. बाकीचं तो भाजून घेऊन शिकायचा. मीही तसाच शिकलो आणि माझ्या खालच्या ओठावर त्या शिक्षणाचा डाग अजून आहे. नातवंडं विचारतात तेव्हा मी लढाईत गोळी लागली म्हणून ठोकून देतो.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी गळ घातली, की कारखान्यातल्या आठवणी लिहा. आता नोकरीला कधी लागलो आणि बढती कधी मिळाली, हे फराळ खाता खाता कोण वाचणार? मलाही ते लिहायला बसवत नाही. दोन ओळी झाल्या की उठून अंगणात फेरी मारून येतो. ही खोड भट्टीची. तिथे कुणी बसत नसे. तेव्हा एकाच हिवाळ्याचं लिहितो. एकोणीसशे पन्नासनंतरच्या दशकातला तो हिवाळा. देशभरच्या कारखान्यांच्या संघांची हुतूतूची साखळी भरली होती आणि आमचा चिंचवडचा एवढासा काचकारखाना तिच्यात उतरला होता.

आधी धंदा समजून घ्या, म्हणजे पुढचं समजेल. भट्टीत काच मधासारखी पातळ होते. लांब लोखंडी नळीच्या टोकाला तिचा गोळा घ्यायचा, फिरवत फिरवत फुंकायचा, साच्यात सोडायचा आणि पुन्हा फुंकायचा. औषधाच्या लहान बाटलीला एक फुंकर पुरते. खरी परीक्षा ॲसिडच्या बरणीची. ती चांगली रांजणाएवढी. तिचं पोट भरेपर्यंत फुंकर तुटता कामा नये. तुटली की काच आत बसते, किंवा एका अंगाला पातळ होते, आणि पुढे कधीतरी भरलेल्या ॲसिडसकट कुणाच्या तरी पायावर फुटते.

आता माणसाची छाती केवढी आणि बरणी केवढी! मग त्यावर आमच्या धंद्यात एक तोड आहे. गाल फुगवून त्यांत वारा धरायचा आणि गालांनीच तो नळीत ढकलत राहायचा. तेवढ्यात नाकाने नवा श्वास छातीत भरून घ्यायचा. तोंड फुंकतंय, नाक ओढतंय, आणि काचेला पत्ता नाही. सोनारही आपल्या फुंकणीवर हेच करतात. शिकायला वर्ष जातं. एकदा अंगात भिनलं की माणूस ते करतो हे त्याचं त्यालाही कळत नाही.

सोपान हा या कामातला आमचा हुकमी गडी. चिखलीचा, जुन्या शेतकरी घरातला. चार भावांत जमीन पुरेना म्हणून कारखान्यात आला. मी साताऱ्याकडून काम शिकून आलेला, मुख्य फुंकणारा, त्यामुळे त्याला मीच शिकवलं. अंगाने काटकुळा, पण नळी तोंडाला लावली की बरणी पुरी होईपर्यंत डोळा हलायचा नाही. पुण्याचे एक ॲसिडचे व्यापारी बरण्या न्यायला स्वतः यायचे. बोटातली अंगठी बरणीवर वाजवायचे, डोळे मिटून ऐकायचे आणि नापसंत बरणीकडे मुलीचं स्थळ नाकारल्यासारखं तोंड फिरवायचे. सोपानची बरणी त्यांनी कधी नाकारली नव्हती. ती नुसती हाताने चाचपून गाडीत ठेवायचे.

असा हा सोपान हंगामी होता. हंगामी म्हणजे काम असेल तर आज या, नसेल तर उद्या घरी. त्याचं लग्न होऊन वर्ष उलटलं होतं आणि बायको हिरा निघोज्याला माहेरीच होती. सासरा हट्टी माणूस. त्याने भर मांडवात सुनावलं होतं, “जावई कायम झाल्याबिगर पोर नांदाय धाडायचो न्हाई. आज हाय, उद्या न्हाई, असल्या नोकरीवर माजी लेक उपाशी ठिवू का?” सोपान दर सुट्टीला सायकल मारत निघोज्याला जायचा, ओसरीवर चहा प्यायचा आणि परत यायचा. हिरा आतून कप पाठवायची, बाहेर यायची नाही. वडिलांचा धाक होता.

मॅनेजर लिमये हुतूतूचे वेडे. साखळीत नाव दिलं त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना फाटकापाशी गोळा केलं. म्हणाले, “साखळीची ढाल जिंकून आणा. संघातले जे हंगामी असतील ते दुसऱ्या दिवसापासून कायम. मी शब्द देतो.” मी सोपानकडे पाहिलं. त्याने टोपी काढून झटकली आणि पुन्हा डोक्यावर घातली. संघात हंगामी असा तो एकटाच होता.

हुतूतू कुणाला सांगायला नको, पण हल्लीच्या पोरांचा भरवसा नाही, म्हणून सांगतो. चढाईला गेलेल्या गड्याने एका दमात ‘हुतूतूतू’ म्हणत समोरच्या मैदानात शिरायचं, जमेल तेवढ्यांना शिवायचं आणि दम तुटायच्या आत मध्यरेषेला परत लागायचं. वाटेत पकडलं आणि दम तुटला की बाद. मी पकडीचा गडी, उजव्या कोपऱ्यातला, आणि संघाचा कप्तान. सोपान चढाईला.

त्या हिवाळ्यात सोपान काय खेळला म्हणून सांगू! नागपूरचा संघ आला, अहमदाबादचा आला, इंदूरला आम्ही गेलो. समोरचे गडी पहिल्यांदा त्याची बरगडी बघून हसायचे. मग तो ‘हुतूतूतू’ करत आत शिरायचा आणि परत यायचं नावच घ्यायचा नाही. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरायचा. पकड करायला टपलेले गडीच थकायचे, त्यांचं लक्ष ढळायचं आणि हा हळूच टाचेला शिवून घरी. नागपूरचा कप्तान सामना संपल्यावर त्याच्या छातीला हात लावून म्हणाला, “भाऊ, याच्यात काय भरलं आहे?” सोपान लाजला. “काय न्हाई वो, भट्टीचा वारा.”

आम्ही सामन्यामागून सामने घेत होतो. सोपानने तर निघोज्याला निरोपही धाडला, की माघात माणसं आणतो न्यायला.

आणि मग साखळी भरवणाऱ्यांचं फर्मान आलं. कुणी हुतूतू म्हणतो, कुणी कबड्डी, कुणी आणखी काही, त्यामुळे पंचांची तारांबळ उडते. इथून पुढे सगळ्यांनी एकच शब्द घोकायचा, कबड्डी. आम्ही म्हटलं, बरं, कबड्डी तर कबड्डी.

दुसऱ्या दिवशी सरावाला सोपान चढाईला गेला, ‘कबड्डी कबड्डी’ करत जेमतेम मधोमध पोचला आणि दम तुटून उभा राहिला. सगळे हसले. “जीभ वळत न्हाई,” तो म्हणाला. पुन्हा गेला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा कुणी हसलं नाही. काल ज्याचा दम सरत नव्हता तो आज पोराटोरासारखा धापा टाकत होता. कुणी म्हणालं दृष्ट लागली. कारखान्याच्या स्वयंपाकघरातून दृष्ट काढायला मिरच्यासुद्धा आल्या.

उलगडा झाला तो भट्टीवर. तो बरणी फुंकत होता आणि मी साच्यापाशी उभा होतो. गाल टम्म, नळी फिरतेय, आणि नाकपुड्या हळूच आत ओढल्या जातायत. मी हजारदा पाहिलेलं ते, मीच शिकवलेलं. पण त्या दिवशी ते पाहिलं आणि माझ्या हातातला चिमटा खाली पडला. ‘तूतूतू’ जिभेच्या टोकावर होतं. गालातल्या वाऱ्यावरही ते निघतं, घसा लागत नाही. ‘कबड्डी’ला घसा लागतो, आवाज छातीतून काढावा लागतो, तिथे गाल काय करणार? सोपान मैदानावरही बरणीच फुंकत होता. दम एक नव्हता, त्यात नाकाने घेतलेले कितीतरी दम होते.

बरणी उतरवल्यावर मी त्याला विहिरीपाशी नेऊन सांगितलं. त्याला आधी पटेना. त्याने नाकाला बोट लावून ‘हुतूतूतू’ केलं. बोटाला कळलं. बोट नाकाशी तसंच धरून त्याने विचारलं,

“म्हंजी यशवंतभाऊ, आमी चोर?”

“अरे, चोरी करणाऱ्याला ठाऊक असतं आपण चोरी करतोय.”

“पर दम तर चोरला न्हवं?”

 मलाच चीड आली होती. त्याची नाही, त्या साखळीवाल्यांची नाही, कशाची ते नेमकं सांगता येत नाही. जी तोड इतकी वर्षं कौतुकाने शिकवली, तिनेच पोराचा घात केला असं वाटत होतं.

सोपान गप्प बसणारा नव्हता. पुढच्या सामन्याला पंच आले तेव्हा नाणेफेकीच्या आधीच त्याने त्यांच्यापुढे जाऊन सगळं सांगितलं. संघातले गडी माझ्यावर डोळे वटारत होते, पण मी त्याला अडवलं नाही. पंच पोक्त गृहस्थ. त्यांनी ऐकून घेतलं, त्याला नाक हलवून दाखवायला लावलं आणि पोट धरून हसले. मग म्हणाले, “हे बघ बाळ, दम तुटलेला पंचाला कळला तर तुटला. मागच्या सामन्यांत कुणाला कळला नाही. ते झालं. आता कबड्डी म्हण आणि खेळ.” लिमयांनाही त्यांनी हेच ऐकवलं. सगळ्यांच्या दृष्टीने प्रकरण मिटलं. सोपानच्या दृष्टीने ते तेव्हा सुरू झालं.

त्याला आता स्वतःच्या श्वासाचा विश्वास वाटेना. चालताना थांबायचा आणि नाकाशी बोट न्यायचा. जेवताना घास हातात तसाच राहायचा. सकाळी चिखलीच्या बांधावरून ‘कबड्डी कबड्डी’ ओरडत पळायचा आणि गावची कुत्री मागे लागायची. ही खबर निघोज्याला पोचायला कितीसा वेळ? सासऱ्याने निरोप पाठवला, की जावयाला आधी देवऋष्याला दाखवा, नांदायचं मागनं बघू.

पण मुख्य घोटाळा पुढेच होता. मैदानावर गाल फुगवायचे नाहीत म्हणून त्याने इतकी कडक सवय लावून घेतली, की भट्टीवरही गाल फुगेनात. बरणी अर्धी व्हायची आणि फुंकर तुटायची. काच आत बसायची. पुण्याचे व्यापारी आले, त्यांनी अंगठी वाजवली आणि सोपानच्या बरणीकडे पहिल्यांदा तोंड फिरवलं. एका बरणीकडे नाही, दोन बरण्यांकडे नाही, सगळ्या रांगेकडेच.

लिमये तापले. “ढाल राहू दे बाजूला. बरण्याच बिघडल्या तर ह्याला कायम करून मी काय देव्हाऱ्यात बसवू?”

सोपान संध्याकाळी माझ्याकडे आला. बसला नाही. अंगणात येरझाऱ्या घालत बोलत राहिला, आणि मीही त्याच्याबरोबर येरझाऱ्या घालत ऐकत राहिलो. बायको दारातून म्हणाली, “अहो, दोघं बसा तरी, मला बघून चक्कर येते.”

“भट्टीला गाल पायजे,” सोपान म्हणाला, “मैदानाला गाल नको. एकाच थोबाडाला ह्ये कसं सांगायचं?”

मला सुचलं ते एवढंच, की मैदानावर नाकात कापसाचे बोळे घाल. नाकच बंद असलं की गालाची लबाडी चालत नाही. अंगाला आपोआप कळेल, बोळे आहेत म्हणजे मैदान, नाहीत म्हणजे भट्टी. ऐकायला खुळचट वाटेल, पण लागू पडलं. आठवड्याभरात बरण्या पुन्हा धड उतरू लागल्या. आणि मैदानावर सोपान नवाच गडी झाला. दम आखूड, म्हणून आत फिरणं बंद. शिरायचं, शिवायचं, पळायचं. बोळे घातलेल्या नाकाचा तो अवतार बघून लोक टाळ्या पिटायचे. कानपूरवाल्यांनी त्याला डॉक्टरकडे नेण्याचीही तयारी दाखवली. पण आम्ही जिंकत गेलो. कुणाला, म्हणजे त्याला स्वतःलाही, शंका घ्यायला जागा नव्हती. तो जेवू लागला.

साखळीचा शेवटचा सामना मुंबईच्या एका गिरणीशी, पवनेच्या काठच्या मैदानात. दोघांचे गुण सारखे. जो जिंकेल त्याची ढाल. पिंपळे गुरवापासूनची माणसं बैलगाड्या जुंपून आली होती. गिरणीचे गडी बहुतेक मालवणकडचे, दांडगे आणि हसतमुख. पकडीला त्यांचा बाबल नावाचा एक गडी होता, त्याने मिठी मारली की हाडं मोजून घ्यावीत.

मैदानात उतरताना पंचांनी सगळ्यांची नखं, कडी, अंगाला तेल आहे का, ते तपासलं. सोपानपाशी आले आणि थबकले. हे मुंबईहून आलेले, नवे पंच.

“हे काय?”

मी पुढे होऊन सगळं सांगायला लागलो. त्यांनी हात वर केला. “अंगावर कपड्याखेरीज काही चालणार नाही. बोळे काढा.”

सोपानने बोळे काढले. कुठे ठेवावेत ते त्याला कळेना, म्हणून माझ्या हातात दिले. त्याचा चेहरा उतरला होता. “यशवंतभाऊ, आता माजं मला कळायचं न्हाई.”

त्या सामन्यात मी त्याला चढाईला फार पाठवलंच नाही. त्याने पकडी केल्या, त्याही बऱ्या केल्या. पण आमचे चढाईचे गडी एकेक करून बाबलच्या मिठीत गेले. शेवटी मीही एका कोपऱ्यात घसरून बाद झालो आणि रेषेबाहेर येऊन बसलो. वेळ संपत आली होती. आम्ही एका गुणाने मागे, त्यांचे दोन गडी मैदानात, आणि आमच्याकडे चढाईला उरला सोपान.

तो रेषेशी उभा राहिला. बोट नाकाशी गेलं. मग त्याने हात खाली घेतला आणि ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत आत शिरला.

पहिल्याला त्याने पायाने शिवलं. तो गडी मागे धरायला आला तोवर समोरून बाबलने झेप घेऊन कंबरेला विळखा घातला. दोघे मध्यरेषेच्या पलीकडे हातभर अंतरावर आदळले, सोपान वर, बाबल खाली, तोंडाला तोंड. पहिला गडी सोपानचा पाय धरून मागे ओढत होता. पब्लिक एकदम गप्प झालं. त्या शांततेत सोपानचा आवाज येत होता. कबड्डी, कबड्डी. जाड होत गेला, मग बारीक झाला, मग नुसता घसा खरवडल्यासारखा, पण शब्द पुरा उमटत होता. तो कोपरावर सरकत होता आणि बाबलला सोबत ओढून आणत होता. मी रेषेबाहेरून बघत होतो, पण मला त्याची फक्त पाठ दिसत होती. हाताचं बोट रेषेला लागलं आणि पंचांची शिट्टी वाजली. त्यांचे दोन्ही गडी बाद, आम्ही एका गुणाने पुढे. ढाल आमची.

लोकांनी मैदान भरून टाकलं. लिमयांनी फेटा उडवला आणि तो शेवटपर्यंत सापडला नाही. “सोपान कायम! उद्यापासून कायम!” असं ते ज्याला त्याला मिठी मारून सांगत होते. फोटोग्राफर तिवई मांडत होता. सोपान मात्र कुणाच्या खांद्यावर चढेना. तो माझ्यापाशी आला, माझे दोन्ही दंड धरले आणि विचारलं, “नाक हललं का वो माजं?”

“मला पाठ दिसत होती रे.”

तो तसाच वळला आणि गर्दी कापत गिरणीवाल्यांकडे गेला. मी मागोमाग. ते बिचारे लिंबाच्या झाडाखाली बसले होते. बाबल गुडघ्यावरची माती पुसत होता. सोपान त्याच्यासमोर उकिडवा बसला.

“दादा, तुमचं तोंड माज्या तोंडापाशी व्हतं. खरं सांगा. म्या मधी श्वास घेतला का? घेतला आसंल तर आत्ता जाऊन पंचाला सांगतो. ढाल तुमची.”

गिरणीचे सगळे गडी बाबलकडे बघू लागले. मुंबईहून ते ढाल न्यायला आले होते. नुसतं ‘हो’ म्हणायचा अवकाश होता.  मी हिराचा विचार करत होतो, ओसरीवरच्या त्या चहाचा विचार करत होतो, आणि सोपानचा मला भयंकर रागही आला होता.

बाबलने हाताची माती झटकली. मग स्वतःच्या गालावरून हात फिरवला.

“तुजो वारो हय लागत होतो,” तो म्हणाला. “गरम. सगळो भायर येणारो. आत गेलेलो एक पण नाय. दम तुजोच होतो रे, बाबा. आता जा, माका पाणी पिऊक दी.”

सोपान खाली मातीतच बसला आणि ढसाढसा रडला. बाबलने तांब्या त्याच्यापुढे केला. दोघे एकाच तांब्यातून पाणी प्यायले.

बाबल खरं बोलला की एका हंगामी माणसावर दया केली, हे मला आजही ठाऊक नाही. मी त्याला विचारलं नाही. त्या हिवाळ्यात एवढं एकच न विचारण्याचं शहाणपण मला सुचलं.

सोपानने उठून सदरा घातला आणि माझी सायकल मागितली. मी म्हटलं, “अरे, फोटो काढायचाय, लिमये साहेब थांबलेत.”

“तुमी काढा,” तो म्हणाला. “मी निघोज्याला चाललो.”

“सासऱ्याला कायम झाल्याचं सांगायला?”

“त्ये त्येंला मागनं कळंल. आधी हिराला सांगतो, दम माजाच व्हता.”

एवढं बोलून तो निघाला. लिमये हाका मारत राहिले, फोटोग्राफर काळ्या कापडाखालून डोकं काढून वैतागला, आणि शेवटी आम्ही ढाल मधे ठेवून उरलेल्यांनीच फोटो काढला. तो अजून माझ्या भिंतीवर आहे. येणारे जाणारे विचारतात, यातला जिंकवणारा गडी कोणता? मी सांगतो, तो यात नाही, तो तेव्हा बायकोला आणायला गेला होता.